पाच लेटरचा इंग्रजी शब्द कसा पकडायचा: भुसावळ-जळगाव अपडाऊनवाल्यांची पद्धत

आम्ही भुसावळ ते जळगाव अपडाऊन करणारे पाच-सहा जण आहोत, अर्ध्या तासाचा प्रवास, आधी त्यात पत्ते चालायचे पण पत्त्यांचा डाव जमेपर्यंत जळगाव येऊन जायचं, मग कुणीतरी मोबाईलवर वर्डल हा शब्द ओळखायचा खेळ काढला आणि तेव्हापासून तेच चालू आहे. गाडीत मधेच नेट जातं म्हणून आम्ही त्याचं कागदी रूप पण खेळतो, एकाने मनात पाच लेटरचा शब्द धरायचा, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा, बाकीच्यांनी सहा वेळात ओळखायचा. पहिल्या दिवशी आमच्या अमळनेरच्या आप्पाने चौकोन बघून विचारलं होतं, "हाई काय शे?" आणि आज तोच सगळ्यांना हरवतो, मराठी मिडीयमचा माणूस, इंग्रजी पेपर पण वाचत नाही. त्यामुळे "माझं इंग्लिश कच्चं आहे भो, मला नाही जमणार" हे कारण इथे चालत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी नियम आधी. एक पाच लेटरचा इंग्रजी शब्द लपलेला असतो. तुम्ही कुठलाही खरा पाच लेटरचा शब्द टाकायचा, उगाच पाच लेटर जोडून चालत नाही. जे लेटर बरोब्बर जागेवर आहे ते हिरवं होतं, जे शब्दात आहे पण जागा चुकली ते पिवळं, जे नाहीच ते राखाडी. कागदावर आम्ही टिक, गोल आणि फुली करतो. सहा चान्स. रोज एकच शब्द, रात्री बाराला बदलतो आणि सगळ्या जगाला तोच असतो, म्हणून कुणी सकाळी सकाळी उत्तर बडबडलं तर त्याला डब्यातून उतरवावंसं वाटतं.

हा खेळ जोश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने त्याची पार्टनर पलक शाह हिच्यासाठी बनवला, तिला शब्दकोडी आवडायची म्हणून. इंग्रजीत पाच लेटरचे शब्द बारा हजाराच्या आसपास निघतात, त्यातले बरेच असे की इंग्रजांनाही माहीत नसावेत, म्हणून पलकने बसून त्यातले ओळखीचे तेवढे वेगळे काढले, ते निघाले २३१५. १ नोव्हेंबर २०२१ ला खेळणारे ९० लोक होते, दोन महिन्यात तीन लाख झाले आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी द न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे उत्तर बहुतेक वेळा ओळखीच्या शब्दांतूनच येतं. डिक्शनरी पाठ करायची गरज नाही.

आता पहिली पायरी, आणि आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. आपण शब्द कानाने मोजतो.

माझी भाची नववीला आहे, यावलला असते, सुट्टीत आली होती तेव्हा तिला खेळायला बसवलं. मी म्हटलं पाच अक्षरी शब्द सांग, ती बोटं मोडत म्हणे, "मामा, नाईट तीन अक्षरी आहे ना? ना, ई, ट." बरोबरच आहे तिचं. मराठीत अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटी सकट एक घास. इंग्रजीत एन, आय, जी, एच, टी असे पाच सुटे दाणे. फोन आपल्याला दोन अक्षरी, तिकडे पी-एच-ओ-एन-ई पाच. तिला मी वहीच्या मागच्या पानावर पाच चौकोन आखून दिले आणि म्हटलं शब्द बोलायचा नाही, चौकोनात मांडायचा. तासाभरात तिची बोटं मोडायची सवय गेली. तुम्ही पण पहिला आठवडा हेच करा, कागद पेन घेऊन बसा, मोबाईलवर घाई होते.

कानाला जे लेटर ऐकू येत नाहीत त्यांची जरा ओळख करून घेऊ, कारण हरवतात तेच. सगळ्यात मोठा चोर म्हणजे शेवटचा ई. प्लेट, स्माईल, स्टोन, टेबल, हाऊस, यात शेवटी ई कुणाला ऐकू येतो? पण प्रत्येकात आहे, आणि मूळ यादीतल्या २३१५ पैकी चारशेच्या वर शब्द ई ने संपतात. म्हणजे चार लेटर जमले आणि पाचवं सुचत नसेल तर आधी ई लावून बघायचा, त्यानंतर वाय, हॅपी, पार्टी, मनी वाला, कारण वायने संपणारे पण साडेतीनशेच्या वर आहेत. आपण मराठीत "पार्टी"ला दीर्घ ई ऐकतो आणि डोक्यात आय किंवा ई येतो, तिथे वाय असतो.

दुसरे चोर म्हणजे मुके लेटर. नाईफ, नॉक यात आधी के. लिहिण्याचा राईट, रिस्ट, राँग यात आधी डब्ल्यू. थम्ब आणि क्लाइम्ब मधे शेवटी बी. लाईट, फाईट मधे जी-एच. शाळेत आम्हाला हे "पाठ करा, इंग्रजी अशीच असते" म्हणून शिकवलं, कारण कुणी सांगितलंच नाही. कारण असं आहे की यातले बरेच लेटर एके काळी खरंच बोलले जायचे. नाईट मधला जी-एच हा आपल्या ख सारखा घशातला आवाज होता, जर्मन भाषेत रात्रीला अजून नाख्ट म्हणतात त्यात तो ऐकू येतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मधे इंग्लंडात पहिला छापखाना टाकला, तिथून पुढे छापून छापून स्पेलिंग गोठत गेलं आणि लोकांची जीभ मात्र बदलत राहिली. आणि डाऊट मधला बी तर कधी कुणी बोललाच नव्हता, शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला होता, पण पंडित मंडळींना त्याचं लॅटिन मूळ दाखवायचं होतं म्हणून त्यांनी मधे घुसवला, त्याचा त्रास आपल्याला यावलला बसून.

तिसरं म्हणजे डबल लेटर. हॅलो मधे दोन एल, हॅपी मधे दोन पी, ग्लास मधे दोन एस. आपण जोडाक्षर ऐकलं तरच डबल लिहितो, तिथे तसं काही नाही. हे पुढे परत येईल.

दुसरी पायरी, पहिला शब्द. हा रोज ठरलेला ठेवा, रोज नवीन टाकायची हौस करू नका. इंग्रजीत सगळे लेटर सारखे येत नाहीत. स्क्रॅबल बनवणाऱ्या अल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रातले लेटर मोजून हिशोब काढला होता, म्हणून त्या खेळात शंभर सोंगट्यांपैकी ई च्या बारा आहेत आणि क्यू, झेडची एकेकच, पण त्या एकेकीला दहा गुण. वर्डलच्या मूळ यादीत ई बाराशेच्या वर वेळा येतो, आणि जे, क्यू हे दोघं तिशीच्या आत. मग पहिल्याच फटक्याला "जॅझी" टाकून काय मिळणार, राखाडी चौकोन.

जास्तीत जास्त येणारे दहा लेटर असे: ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी. आता यातले प्रत्येकी एकदाच वापरून पाच-पाचचे दोन शब्द करा बरं. आम्ही बरेच दिवस क्रेन, स्लेट असलं काहीबाही टाकत होतो, एक दिवस आप्पा म्हणे आपण बसलोय कशात? ट्रेनमधे. टी-आर-ए-आय-एन. आणि उरले ते पाच कोणते, सी-एल-ओ-एस-ई, म्हणजे क्लोज. दहाच्या दहा बसले, एक लेटर जास्त नाही की कमी नाही. भुसावळच्या माणसाला याहून सोपं लक्षात राहणारं काय पाहिजे. तेव्हापासून आमच्या डब्यात पहिले दोन शब्द ट्रेन आणि क्लोज, विषय संपला.

दोन्ही टाकून पण फारसं काही हाती लागलं नाही, एखादंच पिवळं आलं, तर तिसरा डी-यू-एम-पी-वाय, डम्पी म्हणजे बुटका-जाडा. यातून यू आणि वाय कळतात. पण दोन-तीन लेटर आधीच सापडले असतील तर डम्पी टाकून चान्स घालवू नका, मग डोकं चालवायचं.

तिसरी पायरी तीच, डोकं चालवायची, आणि ही एका उदाहरणाने सांगतो कारण नुसतं सांगून कळत नाही.

समजा ट्रेन टाकलं, ए पिवळा आणि एन पिवळा, बाकी तीन राखाडी. क्लोज टाकलं, ओ पिवळा, बाकी राखाडी. आता कागदावर काय लिहायचं? आहेत: ए, एन, ओ. नाहीत: टी, आर, आय, सी, एल, एस, ई. आणि नवखे लोक जे लिहीतच नाहीत ते, कुठे नाहीत: ए तिसऱ्या जागी नाही, एन पाचव्या जागी नाही, ओ तिसऱ्या जागी नाही. पिवळ्याचा अर्थ "आहे" एवढाच नसतो, "इथे नाही" हा पण असतो, हे डोक्यात पक्कं बसवा. वॅगन, वुमन सुचतील पण एन शेवटी आहे, गेले. अमंग सुचेल पण त्यात ओ तिसरा, गेला. मला उरलेले सुचले ते मँगो, बँजो, अॅनॉय आणि नोमॅड. चारही बसतात.

आता यातला कोणता टाकायचा? मनाला येईल तो नाही. असा टाकायचा की चुकला तरी बाकीचे वेगळे वेगळे पडले पाहिजेत. मँगो टाकला, एम-ए-एन-जी-ओ. उत्तर बँजो असेल तर दुसरं, तिसरं, पाचवं हिरवं येईल. अॅनॉय असेल तर फक्त तिसरं हिरवं आणि ए, ओ पिवळे. नोमॅड असेल तर जी सोडून चारही पिवळे. तिघांचा रंग वेगळा, म्हणजे पुढच्या चान्सला सुटणारच. त्या दिवशी नेमके चार पिवळे आले आणि शेजारी बसलेला नवीन पोरगा हबकला, म्हणे सगळंच चुकलं. अरे सगळं बरोबर आलंय, फक्त जागा बदलायच्या आहेत, एन-ओ-एम-ए-डी. नोमॅड म्हणजे भटका, साक्रीकडचे मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणारे ठेलारी आठवा, शब्द आणि अर्थ दोन्ही विसरणार नाहीत.

जागा भरताना अजून एक, लेटर एकटे फिरत नाहीत, जोडीने फिरतात. एच दिसला की मागे सी, एस, टी, पी, डब्ल्यू किंवा जी शोधा. क्यू दिसला की पुढे यू धरूनच चला, क्वीन, क्विक, इक्वल. सी-के ची जोडी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, ब्रिक, ट्रक, क्लॉक, बहुतेक वेळा शेवटी. एस सुरुवातीला भरपूर, साडेतीनशेच्या वर शब्द एस ने सुरू होतात, पण शेवटी एस लावायचा मोह टाळा, कारण एस लावून केलेली अनेकवचनं त्या मूळ यादीत घेतलेली नव्हती, शेवटी एस म्हणजे ग्लास, ड्रेस असले मोजकेच. ट्रेन्स, बुक्स असं डोक्यात आलं तर थांबा. आणि ए, ई, आय, ओ, यू पैकी एकही सापडत नसेल तर वाय मधे टाकून बघा, क्रिप्ट, निम्फ, ट्रिस्ट, असले शब्द आहेत, कमी आहेत पण आले की भल्याभल्यांची विकेट जाते.

स्पेलिंग अमेरिकन असतं हे पण लक्षात ठेवा. आपण शाळेत ह्यूमर मधे ओ-यू-आर शिकलो, ते सहा होतात, इथे यू काढून पाच. २०२२ च्या सुरुवातीला हाच शब्द आला होता तेव्हा ब्रिटिश लोक चिडले होते, आपण कशाला चिडायचं, आपल्याला दोन्ही सारखेच परके.

आता फसायच्या जागा. डबल लेटरचं म्हटलं होतं ना, ते असं. उत्तर आहे हॉटेल, एच-ओ-टी-ई-एल. तुम्ही टाकलं लेव्हल, एल-ई-व्ही-ई-एल. काय दिसेल? शेवटचे ई आणि एल हिरवे, पण पहिला एल आणि दुसऱ्या जागेचा ई राखाडी. नवखा माणूस राखाडी एल बघून म्हणतो एल नाहीच आणि मग हिरव्या एलकडे बघून डोकं धरतो. अर्थ एवढाच की एल एकच आहे आणि तो तुम्हाला सापडलेला आहे, दुसरा नाही. दोन्ही रंगले असते तर दोन आहेत असं समजायचं.

आणि सगळ्यात वाईट फसगत म्हणजे चार हिरवे. हो, चार हिरवे आले की माणूस खुश होतो आणि तिथेच मरतो. मागे आमच्या डब्यात मी सलग चोवीस चिठ्ठ्या ओळखल्या होत्या, पंचविसाव्याला दुसऱ्या चान्समधेच शेवटचे चार आय-जी-एच-टी मिळाले, मी म्हटलं झालं, लाईट टाकला, नाही. नाईट, नाही. राईट, नाही. फाईट, नाही. जळगाव आलं, चिठ्ठीवर साईट होतं. दिसण्याची साईट. पोरं आठवडाभर मला चष्मा दाखवत होती.

यातून सुटायचा मार्ग आहे आणि तो आप्पाने काढला. चार हिरवे असताना पाचवं बरोबर यायच्या नादी लागायचंच नाही, एक चान्स मुद्दाम "फुकट" घालवायचा. ओळखीच्या शब्दांत पहिल्या जागी कोण कोण येऊ शकतं ते मांडा: ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी. आता यातले जास्तीत जास्त एका शब्दात बसवा, उत्तराशी त्याचा संबंध नसला तरी चालेल. एफ-ई-आर-एन-एस, फर्न्स, म्हणजे नेच्याची झाडं. अनेकवचन उत्तरात येत नसलं तरी अंदाज म्हणून टाकायला चालतं. यात पाच शक्यता एका फटक्यात तपासून होतात, कोणता रंगला ते बघा, तोच पहिला. काहीच नाही रंगलं तर लाईट, माईट, टाईट तीन उरले. हीच युक्ती कॅच, बॅच, मॅच, लॅच, पॅच, वॉच या खानदानाला, तिथे क्लाइम्ब टाका, सी, एल, एम, बी चार एकदम. त्यात सी चौथ्या जागी आधीच आहे म्हणून पिवळा दिसणारच, तो हिरवा झाला तरच कॅच समजायचं. राऊंड, साऊंड, पाऊंड, फाऊंडची पण एक टोळी आहे, त्यांना कोणता शब्द लागू पडतो ते तुम्ही शोधा. फक्त खेळात हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही, तिथे सापडलेले लेटर वापरावेच लागतात, म्हणून नवीन असाल तर हार्ड मोडला हातच लावू नका, ते फक्त मिरवायला आहे.

मोबाईलवर शब्द शोधून देणारी साधनं मिळतात, पक्क्या जागा, असलेले लेटर, नसलेले लेटर असे तीन रकाने भरले की यादी समोर. माझं मत, खेळताना उघडू नका, खेळ झाल्यावर जरूर उघडा आणि आपल्याला न सुचलेले किती होते ते बघा, त्यातले दोन वहीत उतरवा, अर्थासकट. मी शाळेत असताना एका क्लासमधे पाचशे शब्दांची झेरॉक्स मिळाली होती, महिन्याभरात पाठ करा म्हणून, पैसे गेले, शब्द पण गेले. दिवसाला दोन राहतात. आणि पोरांना याचा थेट उपयोग आहे, दहावीच्या इंग्रजी पेपरला सुरुवातीलाच गाळलेले लेटर भरून शब्द पूर्ण करा, दिलेल्या शब्दातून चार शब्द बनवा, वर्डचेन, असलेच प्रश्न असतात, माझी भाची ते आता हसत हसत सोडवते.

कागदी खेळाचं एक वेगळं आहे. तिथे समोरचा माणूस ओळखता आला पाहिजे. परवा आप्पाची पाळी होती. मी ट्रेन टाकलं, एन हिरवा. क्लोज टाकलं, एल, ओ, ई तिन्ही गोल. आता शेवटी एन, मधे एल, ओ, ई, एक लेटर अजून पाहिजे, लेमन, मेलन, फेलन तिन्ही बसतात, लेमन आणि मेलनचे तर पाचही लेटर तेच. फेलन म्हणजे गुन्हेगार, तो आप्पाला कुठून माहीत असणार, सोडला. तापीच्या पात्रातली खरबूजं डोळ्यापुढे आली आणि मी मेलन टाकलं. आप्पाने खिशातून चिठ्ठी काढून दाखवली, लेमन. त्याच्या शेतात लिंबाची दीडशे झाडं आहेत आणि उन्हाळाभर त्याच्याच पिशवीतली लिंबं मी घरी नेत असतो.